स्ट्रँडवरची जळालेली गढी

लंडनला गेलेला आपला माणूस दोन ठिकाणी गेल्याशिवाय परतत नाही. एक म्हणजे किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर. विद्यार्थी असताना बाबासाहेब तिथे राहिले आणि २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. दुसरे म्हणजे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. आम्हीही गेलो. आमची लेक तिकडे एका रुग्णालयात परिचारिका आहे. रेल्वेच्या कारखान्यातून मी निवृत्त झालो, तेव्हा तिने आम्हा दोघांना बोलावून घेतले आणि तिच्या सुट्टीच्या दिवशी ही दोन्ही स्थळे दाखविली. त्यांच्याविषयी यापूर्वी पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून मी ते पुन्हा लिहीत नाही. मी लिहितो आहे ते त्या कॉलेजपासून दहा मिनिटांच्या अंतरावरील एका गढीविषयी. ती गढी आज तिथे नाही. तरीही वाचकहो, तिची हकीकत आपल्या घरात सांगण्यासारखी आहे.

कॉलेजातून बाहेर पडून ऑल्डविचचा वळसा घेतला की स्ट्रँड नावाचा मोठा रस्ता लागतो. स्ट्रँड म्हणजे किनारा. एके काळी थेम्स नदीचे पाणी या रस्त्याच्या बरेच जवळ होते. १८६४ ते १८७० या काळात नदीत भराव टाकून बंधारा बांधला गेला आणि पाणी मागे सरले. पण जमिनीची उतरण अजून तशीच आहे. रस्त्याने पश्चिमेकडे चालताना डाव्या हाताला उताराच्या गल्ल्या दिसतात. एका गल्लीचे नाव सॅव्हॉय स्ट्रीट, दुसरीचे सॅव्हॉय हिल, तिसरीचे सॅव्हॉय कोर्ट. तिथे सॅव्हॉय नावाचे थिएटर आहे आणि सॅव्हॉय नावाचे जगप्रसिद्ध हॉटेलही आहे. हॉटेलच्या दारावर ढाल-भाला घेतलेला एक सोनेरी सरदार उभा आहे.

मी लेकीला विचारले, "हे सगळीकडे एकच नाव कसे?"

ती म्हणाली, "पप्पा, इथे एका सरदाराची गढी होती. तिचे हे नाव. गोरगरीब शेतकऱ्यांनी एका दिवसात जाळून टाकली."

हे ऐकून मी तिथेच थांबलो. गढी म्हणजे काय, हे गावाकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. उंच बुरूज, हातभर जाड भिंत, हत्ती जाईल एवढा दरवाजा. आमच्या गावातही होती. आता तिची पांढरी माती तेवढी उरली आहे. माझे आजोबा त्या दरवाज्यापर्यंत जात आणि बाहेर उभे राहत. आतला चौक कसा होता ते त्यांना शेवटपर्यंत सांगता आले नाही. म्हणून या परक्या देशातल्या गढीची गोष्ट मला नीट समजून घ्यावीशी वाटली. लेकीने पुस्तके मिळवून वाचून दाखविली. जे समजले ते इथे मांडतो.

तीन बाणांची जमीन

इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याने इसवी सन १२४६ साली स्ट्रँड आणि नदी यांच्यामधली ही जमीन आपल्या राणीचा मामा पीटर याला दिली. हा पीटर आल्प्स पर्वतातील सॅव्हॉय या प्रांताचा. त्याच्यावरून जागेला नाव पडले. हॉटेलच्या दारावरचा सोनेरी सरदार तो हाच. जमिनीचा सारा किती? तर वर्षाला तीन बाण! बाणांची पाती आकड्याची असावीत, एवढीच अट. राजाच्या नात्यातल्या माणसाला असा सारा, आणि शेत कसणाऱ्याला कसा, ते पुढे येईलच.

पीटरने मरताना ही मालमत्ता आल्प्समधील एका मठाला दिली. राणीने ती परत विकत घेतली आणि आपला मुलगा एडमंड याला दिली. त्या काळी कोणालाही मनाला येईल तशी तटबंदी बांधता येत नसे, राजाचा परवाना लागे. एडमंडला तो १२९३ साली मिळाला. दगड-चुन्याची भिंत उभी राहिली आणि घराची गढी झाली. पुढे याच घराण्यातील लँकेस्टरचा ड्यूक हेन्री याने फ्रान्समध्ये लढाई मारून लूट आणली आणि ती ओतून गढी नव्याने सजविली. या कामाला सुमारे ३५,००० पौंड लागले, असे सांगतात. नदीच्या बाजूला घाट, रस्त्याच्या बाजूला दरवाजा, मध्ये मोठे दालन, देवघर, बाग, तबेले असा थाट होता. लंडनमध्ये तिच्या तोडीचे दुसरे घर नव्हते. १३५६ सालच्या लढाईत पकडला गेलेला फ्रान्सचा राजा दुसरा जॉन याला कैदी म्हणून ठेवायला हीच गढी योग्य वाटली. १३६४ साली तो इथेच वारला.

ड्यूक हेन्री १३६१ साली मेला. त्याची मुलगी ब्लँच ही राजपुत्र जॉन ऑफ गॉन्ट याला दिलेली होती. जावयाच्या हाती सारी दौलत आली. इंग्लंडमध्ये राजाच्या खालोखाल श्रीमंत असा हा माणूस. १३७७ साली त्याचा दहा वर्षांचा पुतण्या दुसरा रिचर्ड गादीवर बसला, तेव्हा राज्य खरे तर हा काकाच चालवितो, असे लोकांना वाटे.

'व्हिलन' कोण होता?

आता या गढीत पैसा कोठून येई ते पाहू. त्या काळी इंग्लंडची जमीन 'मॅनर' नावाच्या जहागिरींत वाटलेली होती. मॅनर म्हणजे सरदाराचा वाडा, त्याची खास शेती आणि भोवतालची कुळे. कुळांपैकी पुष्कळ लोक जन्मानेच बांधलेले असत. आठवड्यातून दोन-तीन दिवस त्यांनी मालकाच्या शेतावर फुकट राबायचे. सुगीच्या दिवसांत आणखी. आपल्याकडे ज्याला वेठ म्हणतात, तीच ही. मुलीचे लग्न करायचे तर मालकाला पैसे द्यायचे. घरातला कर्ता मेला की गोठ्यातले सर्वांत चांगले जनावर मालकाने न्यायचे. परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. आपले धान्य मालकाच्याच गिरणीत दळायचे आणि त्यातला वाटा तिथे ठेवायचा. मुलाला शाळेत घालायचे झाले तरी मालकाची परवानगी लागे आणि तिच्यासाठी दंड भरावा लागे! बाप बांधलेला असेल तर मुलगाही बांधलेलाच. राजाच्या न्यायालयात मालकाविरुद्ध दाद मागायची सोय नाही.

अशा माणसाला 'व्हिलेन' म्हणत, म्हणजे वाडीवरचा माणूस. आपण सिनेमात ज्याला व्हिलन म्हणतो तो शब्द यातूनच आला आहे. राबणाऱ्याचे नाव पुढे दुष्ट माणसाचे नाव झाले. शब्द घडविणारे वाड्यात होते, हेच त्यातून दिसते. दुसरे काय?

आणि हे सर्व नियम, दंड, कोण कोणाचा मुलगा, कोणाकडे किती दिवसांची वेठ, हे लिहिलेले असे. कातड्याच्या लांब गुंडाळ्यांवर मॅनरचा कारकून ते लिहून ठेवी. कुळाला वाचता येत नसे, त्यामुळे आपल्या नावापुढे काय लिहिले आहे ते त्याला कळायला मार्ग नसे. कोणी म्हणाला, "माझ्या बापाने एवढी वेठ केली नव्हती," तर मालक गुंडाळी उघडून दाखवी. वाड्याची भिंत दगडाची होती, पण माणसे अडकली होती ती या गुंडाळीत.

एक पेनीचा माणूस

१३४८-४९ साली प्लेगची भयंकर साथ आली. तिला 'काळा मृत्यू' म्हणतात. देशातील तिसरा हिस्सा, कदाचित अर्धी माणसे त्यात गेली. जे वाचले त्यांच्या हातांना किंमत आली. मजूर जास्त मजुरी मागू लागले. जमीनदार घाबरले आणि १३५१ साली त्यांनी कायदा केला, की साथीच्या आधी होती तेवढीच मजुरी मिळेल. गवत वाळवणीच्या हंगामात दिवसाला एक पेनीपेक्षा जास्त द्यायचे नाही. जास्त मागणाऱ्याला शिक्षा.

मी आयुष्यभर कारखान्यात हजेरी-पगाराचा हिशेब पाहिलेला माणूस. मी कागदावर मांडून पाहिले. तेव्हाच्या एका पौंडात २४० पेनी. गढीच्या बांधकामाचे ३५,००० पौंड म्हणजे ८४ लाख पेनी. म्हणजेच गवत वाळविणाऱ्या एका माणसाची ८४ लाख दिवसांची मजुरी त्या एका घरात होती.

त्यावर डोईपट्टी आली. फ्रान्सशी चाललेल्या लढाईला पैसा हवा होता. १३७७ साली माणशी ४ पेनी. मग १३७९ साली पुन्हा. आणि १३८०च्या अखेरीस तिसऱ्यांदा, या वेळी पंधरा वर्षांवरील प्रत्येक बाई-माणसामागे १२ पेनी. म्हणजे नवरा-बायकोचे मिळून २४ दिवसांचे कष्ट. पट्टी चुकविण्यासाठी लोकांनी घरातल्या बायका-मुली मोजणीतून लपविल्या. मग तपासनीस आले. १३८१ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस एसेक्स भागातील खेडुतांनी त्यांना हुसकावून लावले आणि वणवा पेटला. केंट भागातील लोकांनी वॉट टायलर याला पुढारी केले. जॉन बॉल नावाचा एक गरीब धर्मोपदेशक तुरुंगात होता, त्याला सोडविले. पहिल्या माणसांत कोण मालक आणि कोण बांधलेला, असा साधा प्रश्न तो लोकांना विचारी. जन्माने कोणी उच्च नाही, हे तो देवळातल्या भाषेत सांगत असे. म्हणूनच तो तुरुंगात होता.

गुरुवार, १३ जून १३८१

१२ जूनला हजारो लोक लंडनबाहेरच्या ब्लॅकहीथच्या माळावर जमले. दुसऱ्या दिवशी सणाचा गुरुवार होता. शहरातल्या गरिबांनी आतून साथ दिली, पूल उघडला गेला आणि जमाव शहरात शिरला. कोठे जायचे ते कोणाला विचारावे लागले नाही. केंटचे शेतकरी आणि लंडनचे कारागीर दोघेही सॅव्हॉयच्या गढीकडे निघाले. ड्यूक घरी नव्हता. तो दूर उत्तरेला स्कॉटलंडच्या सीमेवर तहाची बोलणी करीत होता, म्हणून वाचला.

पुढे जे घडले ते मठातल्या साधूंनी आपल्या बखरींत लिहून ठेवले आहे. हे बखरकार बंडखोरांचे शत्रू होते. त्यांना ते जनावरांची उपमा देतात. आणि तरीसुद्धा त्यांनी एक गोष्ट नोंदविली आहे. जमावाने दवंडी पिटली, की इथली एकही वस्तू कोणी स्वतःसाठी घ्यायची नाही, जो घेईल त्याला देहदंड. आपण न्यायासाठी आलो आहोत, चोरीसाठी नाही, असे ते सांगत होते. सोन्याचांदीची भांडी कुऱ्हाडीने ठेचून नदीत फेकली. रेशमी पडदे फाडले. रत्ने खलात घालून कुटली. ड्यूकचा अंगरखा भाल्यावर लटकवून त्यावर बाण मारले. एकाने चांदीचा तुकडा लपविला, तर त्याला त्याच्याच माणसांनी आगीत ढकलले.

ज्याला दिवसाला एक पेनी मिळते तो माणूस सोने नदीत फेकतो! मी हे वाक्य लेकीकडून दोनदा वाचवून घेतले. भुकेलेला माणूस म्हणजे चोर, हेच ज्याने जन्मभर ऐकले, त्याने दिलेले हे उत्तर होते आणि शत्रूच्या लेखणीने ते जपले.

पण वाचकहो, गोष्ट पूर्ण सांगायची तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तीन पिंपांत सोने असावे असे समजून लोकांनी ती आगीत लोटली, ती निघाली दारूगोळ्याची. मोठे दालन उडाले. काही माणसे दारूच्या तळघरात उतरून पीत बसली होती. वरून भिंत कोसळली आणि बाहेर पडायची वाट बंद झाली. कित्येक दिवस आतून हाका ऐकू येत होत्या, असे बखरकार म्हणतो. ३२ माणसे तिथे मेली. न्यायालयाच्या कागदांत केंटच्या रॉचेस्टरची जोहाना फेरर नावाची एक स्त्री आहे. गढी जाळणाऱ्यांची ती म्होरकी होती आणि तिने ड्यूकची १,००० पौंडांची पेटी नावेत घालून पलीकडे नेऊन साथीदारांत वाटली, असा तिच्यावर आरोप होता. आरोप ठेवणारे सरकारचे लोक होते, हे ध्यानात ठेवूनही एक गोष्ट उरते. सहाशे वर्षांपूर्वीच्या त्या गर्दीत एक बाई पुढे होती आणि तिचे नाव पुसले गेले नाही. याच दिवसांत शहरात फ्लँडर्सहून पोटासाठी आलेल्या परदेशी लोकांची कत्तलही झाली. त्यांचा काही गुन्हा नव्हता. अन्यायाविरुद्ध उठलेला माणूस दुसऱ्या गरिबावर अन्याय करू लागला, की त्याचे बळ तिथेच संपते.

जात्याची गोष्ट

गढी जळाली तेव्हा खेडोपाडीही असेच चालले होते. एसेक्स, केंट, हर्टफर्डशायर, नॉर्फोक, जिथे जिथे लोक उठले तिथे तिथे त्यांनी वाड्यांतून गुंडाळ्या बाहेर काढून जाळल्या. वाचता न येणाऱ्यांनासुद्धा नेमके ठाऊक होते, की आपली बेडी कशाची आहे.

लंडनच्या उत्तरेला सुमारे ३५ किलोमीटरवर सेंट ऑल्बन्स गाव आहे. तिथे मोठा मठ होता आणि गावाचा मालक मठाधिपतीच होता. दळण त्याच्याच गिरणीत झाले पाहिजे, म्हणून १३३१च्या सुमारास मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड याने घराघरांतली हातजाती जप्त केली. आणि काय केले? जात्यांच्या तळ्या मठातल्या बैठकीच्या खोलीत जमिनीला फरशीसारख्या बसविल्या, म्हणजे येता-जाता लोकांचा पराभव पायाखाली दिसावा! हा रिचर्ड स्वतः एका लोहाराचा मुलगा. शिकून फार मोठा विद्वान झालेला. वर गेलेला माणूस खालच्यांना विसरतो, हे काही नवे नाही. पन्नास वर्षांनी, १३८१ साली, गावकरी मठात शिरले, त्यांनी ती फरशी उखडली, जात्यांचे तुकडे केले आणि देवळात प्रसादाची भाकरी वाटतात तसा प्रत्येक घरी एकेक तुकडा वाटला.

हे ऐकून लेकीची आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अहो, जाते नेले म्हणजे बाईचा आवाजच नेला की. माझ्या आईने दळताना म्हटले नाही असे काही उरले होते का?"

दिलेले वचन आणि मोडलेले वचन

१४ जूनला चौदा वर्षांचा राजा माइल एंड येथे लोकांना भेटला. वेठबंधन रद्द आणि जमिनीचा सारा एकरी ४ पेनी, या मागण्या त्याने मान्य केल्या. तीसहून अधिक कारकून सनदा लिहायला बसविले. लोकांना वाटले झाले, कागदावर लिहून मिळाले. पुष्कळ जण सनद घेऊन घरी निघाले. त्याच दिवशी दुसऱ्या एका टोळीने किल्ल्यात घुसून राज्याचा प्रधान आणि खजिनदार यांची डोकी उडविली. १५ जूनला स्मिथफील्डच्या मैदानात वॉट टायलर राजाशी बोलायला गेला, तेव्हा लंडनचा महापौर आणि राजाची माणसे यांनी त्याला ठार केले. २ जुलैला राजाने सगळ्या सनदा रद्द केल्या. तुम्ही बांधलेले होता आणि बांधलेलेच राहाल, अशा अर्थाचे उत्तर एसेक्सच्या लोकांना मिळाले. १५ जुलैला सेंट ऑल्बन्स येथे जॉन बॉलला फाशी दिले. जळालेल्या गुंडाळ्यांचे काय? अनेक ठिकाणी जमीनदारांनी कुळांना बोलावून शपथेवर पुन्हा नव्या लिहून घेतल्या.

म्हणजे सगळे फुकट गेले काय? इथेच या गोष्टीचे मर्म आहे. डोईपट्टी पुन्हा तशी लादण्याचे धाडस पुढची शेकडो वर्षे कोणी केले नाही. माणसे कमी आणि जमीन जास्त, त्यामुळे लोक गाव सोडून चांगल्या मजुरीकडे जाऊ लागले. मालकांना वेठ सोडून खंडावर जमीन द्यावी लागली. आणि कुळांनी एक गोष्ट मिळविली, गुंडाळीतल्या आपल्या नोंदीची नक्कल! आपल्याकडे सातबाराचा उतारा असतो तशी. जो कागद वाड्यात कुलपात असे, त्याची प्रत कुळाच्या घरी आली. ती दाखवून पुढे न्यायालयात भांडता येऊ लागले.

शाळेचेही असेच झाले. १३९१ साली जमीनदारांनी राजाकडे अर्ज केला, की बांधलेल्या लोकांच्या मुलांना शाळेत जाण्यास बंदी करा. राजाने तो फेटाळला. १४०६ साली तर कायद्यातच लिहिले गेले, की कोणत्याही स्थितीतल्या पुरुषाला वा स्त्रीला आपला मुलगा अथवा मुलगी हव्या त्या शाळेत घालता येईल. गढी जळाल्यापासून अवघ्या २५ वर्षांत! पंधरावे शतक संपेपर्यंत इंग्लंडमध्ये जन्माने बांधलेली माणसे फार थोडी उरली. राणी पहिली एलिझाबेथ हिने १५७४ साली आपल्या जमिनींवरील उरलेल्यांना पैसे घेऊन मोकळे करण्याचा हुकूम काढला. त्या नकलेवरच्या जमिनींची जुनी पद्धत मात्र १९२२ सालच्या कायद्याने मोडली आणि १ जानेवारी १९२६ पासून संपली. १९२२ साली बाबासाहेब इथे दहा मिनिटांवरच्या कॉलेजात शिकत होते, हे मनात आल्यावाचून राहिले नाही.

आज तिथे काय आहे?

जॉन ऑफ गॉन्टने सॅव्हॉय पुन्हा बांधली नाही. पडक्या भिंती शंभर वर्षांहून अधिक काळ तशाच होत्या. मग राजा सातवा हेन्री याने मृत्यूपूर्वी पैसा ठेवून त्या जागी गरिबांसाठी धर्मशाळावजा रुग्णालय उभे करविले. रात्री १०० गरिबांना झोपायला खाट मिळावी, अशी योजना होती. "बघा पप्पा, शेवटी आमचेच लोक आले," लेक हसून म्हणाली. ते रुग्णालयही १७०२ साली बंद झाले. पुढे शिपायांच्या बराकी झाल्या, तुरुंग झाला. एकोणिसाव्या शतकात वॉटर्लू पुलाच्या वाटेसाठी उरलेसुरले पाडले. १८८१ साली, म्हणजे आगीला बरोबर ५०० वर्षे झाली तेव्हा, इथे सॅव्हॉय थिएटर उघडले. संपूर्ण विजेच्या दिव्यांनी उजळलेली ती पहिली सार्वजनिक इमारत. १८८९ साली हॉटेल आले.

जुन्यापैकी उरले आहे ते रुग्णालयाचे प्रार्थनामंदिर. उतारावरच्या छोट्या बागेत दगडी मंदिर उभे आहे. आम्ही तिथल्या बाकावर बसून घरून आणलेल्या चपात्या खाल्ल्या. हे मंदिर आणि भोवतालची बरीच जमीन आजही लँकेस्टरच्या जहागिरीची आहे. १३९९ साली जॉन ऑफ गॉन्टचा मुलगा राजा झाला आणि तेव्हापासून ती जहागीर इंग्लंडच्या गादीकडे आहे. म्हणजे गढी गेली, पण सातबारा अजून त्याच खात्यावर! हॉटेलच्या गल्लीत आणखी एक गंमत दिसते. सगळ्या देशात गाड्या डाव्या बाजूने चालतात, या एवढ्याशा गल्लीत त्या उजव्या बाजूने चालतात. मोठ्या घरांचे नियम अजून वेगळेच.

हॉटेलजवळच्या पाट्यांवर जागेचा इतिहास कोरलेला आहे. त्यात सरदार आहेत, राजे आहेत. जळिताचाही उल्लेख आहे. पण तळघरात अडकलेल्या त्या ३२ जणांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

संध्याकाळी लेकीने आम्हाला बसने स्मिथफील्डला नेले. तिथे १५ जुलै २०१५ रोजी त्या बंडाच्या स्मरणार्थ एक शिलापट बसविला आहे. वॉट टायलर पडला ते हेच मैदान. साधा काळसर दगड आहे. जाणारे-येणारे घाईत होते, कोणी थांबत नव्हते. लेकीने एकेक ओळ वाचून मराठीत सांगितली. तिच्या आईला शाळा फारशी मिळाली नाही. पण तिने पुढे होऊन इंग्रजी अक्षरांवरून हळूहळू बोट फिरविले आणि एक शब्द स्वतः लावून वाचला. "जॉन," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बघा, आले की नाही मला?"